कर्ता कुठे लपलाय? इंग्रजी वाक्यातली चूक शोधताना कर्ता-क्रियापदाचा मेळ कसा तपासायचा

'ही गोज, दे गो' हे शाळकरी पोरालाही येतं. तरी एसएससी (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग), आयबीपीएस (बँक भरती) किंवा एमपीएससी (राज्य लोकसेवा आयोग) यांच्या पेपरात 'चूक असलेला भाग ओळखा' असा प्रश्न आला की चांगली तयारी केलेले उमेदवारही नेमके इथेच गुण घालवतात. पेपर काढणारा नियम विचारतच नाही, तो कर्ता लपवतो. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये सात-आठ शब्द कोंबतो, त्यातलं शेवटचं नाम मुद्दाम उलट्या वचनाचं ठेवतो, आणि घाईत वाचणाऱ्याला तेच नाम कर्ता वाटतं.

मराठी बोलणाऱ्याला हा सापळा जरा जास्तच लागतो. मराठीत नामाबद्दलची सगळी माहिती नामाच्या आधी येते. 'देवगडच्या शेतकऱ्यांनी बाजारात आणलेल्या आंब्यांचा दर्जा घसरला आहे' या वाक्यात मुख्य नाम 'दर्जा' शेवटी येतं, थेट क्रियापदाच्या शेजारी. इंग्रजीत हाच डबा उलटा जोडलेला असतो: आधी 'द क्वालिटी', मग 'ऑफ द मँगोज', मग 'ब्रॉट बाय द फार्मर्स'. मुख्य नाम क्रियापदापासून सगळ्यात लांब जाऊन पडतं. क्रियापदाला लागून असलेल्या नामाशी मेळ घालायची आपली सवय मराठीत चालून जाते, इंग्रजीत तीच दगा देते.

यातून सुटकेचा रस्ताही मराठीतच आहे. त्याकडे येऊच, पण आधी एक चाळणी लावायची.

पहिली चाळणी: इथे मेळाची चूक होऊ तरी शकते का?

इंग्रजीत कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं अशा जागा फार थोड्या आहेत. साध्या वर्तमानकाळातला 'एस' किंवा 'ईएस', 'ॲम, इज, आर' आणि 'वॉज, वेअर', 'हॅज, हॅव', आणि 'डज, डू'. यादी संपली. 'विल, वुड, कॅन, कुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट' ही कुठल्याही कर्त्याला तशीच राहतात. 'वेन्ट, सॉ, ब्रोक, फिनिश्ड' ही साध्या भूतकाळाची रूपंसुद्धा बदलत नाहीत.

तेव्हा वाक्यात पहिल्या यादीतलं काहीच दिसलं नाही, तर कर्ता शोधत बसू नका. चूक काळाची असेल, प्रिपोझिशनची ('इन, ऑन, ऑफ'सारखे शब्द) असेल, आर्टिकलची ('अ, ॲन, द') असेल. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या भरती परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. त्या हिशेबात ही चाळणी फार उपयोगी पडते.

याच चाळणीत एक हमखास चूक सापडते. 'डज' किंवा 'डझन्ट' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात हवं. 'डज ही नोज द आन्सर' यात 'एस' दोनदा मोजला गेला आहे. 'डज ही नो' बरोबर. 'विल, कॅन, मस्ट' यांच्यापुढेही मूळ रूपच.

दुसरी पायरी: क्रियापदं मोजा, मग प्रत्येकाला 'कोण' विचारा

लांब वाक्यात दोन-तीन क्रियापदं असतात आणि प्रत्येकाचा कर्ता वेगळा असू शकतो. म्हणून आधी काळ दाखवणारी क्रियापदं तेवढी हेरायची. 'स्टँडिंग', 'टु गो' आणि नामाला चिकटून आलेली 'ब्रॉट, रिटन, पब्लिश्ड' अशी रूपं मोजायची नाहीत. ती क्रियापदासारखी दिसतात, पण काम विशेषणाचं करतात.

आता हे वाक्य घ्या. तिरप्या रेघांनी भाग पाडले आहेत, पेपरात असतात तसे:

'द क्वालिटी ऑफ द मँगोज / ब्रॉट टु द मार्केट बाय द फार्मर्स / ऑफ देवगड अँड रत्नागिरी / हॅव गॉन डाउन धिस इयर.'

'ब्रॉट' हे 'मँगोज'चं विशेषण आहे, 'आणलेले'. ते सोडा. उरलं 'हॅव गॉन डाउन'. काय घसरलं? 'रत्नागिरी' क्रियापदाला चिकटून आहे, त्याआधी 'अँड' आहे, त्याआधी 'फार्मर्स', त्याआधी 'मँगोज'. सलग तीन ठिकाणी अनेकवचनाचा भास आहे. पण 'देवगड अँड रत्नागिरी' हे 'ऑफ'च्या मागे लागलंय, 'फार्मर्स' हे 'बाय'च्या आणि 'मँगोज' पुन्हा 'ऑफ'च्या. प्रिपोझिशनच्या पुढे आलेलं नाम त्या वाक्याच्या क्रियापदाचा कर्ता होत नाही. उरली एकटी 'द क्वालिटी'. म्हणून 'हॅज गॉन डाउन', आणि चूक चौथ्या भागात.

पेन्सिल हातात असेल तर प्रिपोझिशनपासून त्याच्या नामापर्यंतचा तुकडा सरळ खोडून टाकायचा. 'ऑफ, इन, ऑन, ॲट, फ्रॉम, टु, फॉर, बाय, विथ, बिटवीन, अमंग' हे नेहमीचे गडी. ऑनलाइन पेपरात पडद्यावर खोडता येत नाही, तिथे चा-ची-चे कसोटी लावा: तेवढा तुकडा मनात मराठीत म्हणा आणि ज्या नामाला चा-ची-चे लागलं ते सोडून द्या. 'आंब्यांचा दर्जा': आंबे सोडले, दर्जा धरला. 'उमेदवारांची यादी': यादी धरली, म्हणून 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हॅज बीन पब्लिश्ड'. 'चाव्यांचा जुडगा': जुडगा धरला, म्हणून 'द बंच ऑफ कीज इज मिसिंग'. मराठी नामसमूहात मुख्य नाम शेवटी येतं, त्यामुळे लपलेला कर्ता आपोआप समोर येतो. ही कसोटी एका ठिकाणी मात्र उलटते. ते पुढे भाग आणि अंशांच्या वेळी बघू.

कर्ता सापडल्यावर ताळा करायला एक ढोबळ खूण आहे. साध्या वर्तमानकाळात 'एस' एकतर नामाला लागतो, नाहीतर क्रियापदाला: 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. दोन्हीकडे दिसला किंवा दोन्हीकडे नसला तर थांबून बघायचं. 'चिल्ड्रन, पीपल, मेन' यांना 'एस' न लागताच ती अनेकवचनी असतात आणि 'न्यूज' 'एस' असून एकवचनी, तेव्हा ही खूण फक्त जागं करण्यापुरती वापरा.

सोबत आणि जोड: इथे सर्वांत जास्त गोंधळ

दोन कर्ते 'अँड'ने जोडले की अनेकवचन, यात कोणी चुकत नाही. चुकतात ते 'अँड'सारखे वाटणारे, पण 'अँड' नसलेले शब्द आले की. 'ॲज वेल ॲज, अलाँग विथ, टुगेदर विथ, इन ॲडिशन टु, बिसाइड्स, इन्क्लूडिंग, अकंपनीड बाय, रादर दॅन' यांपैकी काहीही आलं तरी क्रियापद पहिल्या नामाप्रमाणेच राहतं. मधला तुकडा नुसता सोबती.

'द कलेक्टर, अलाँग विथ हिज ऑफिसर्स, इज व्हिजिटिंग द फ्लड-हिट व्हिलेजेस.'

मराठीतही हेच होतं. 'सीता मैत्रिणींसह गेली' म्हणतो, 'गेल्या' म्हणत नाही. गडबड होते ती 'ॲज वेल ॲज'चं भाषांतर 'आणि' असं केल्यामुळे. ते कायम 'च्यासह' असं वाचा, म्हणजे अडचण येणार नाही.

याच्या अगदी उलट वागणारी दुसरी टोळी आहे: 'ऑर', 'नॉर', 'आयदर... ऑर', 'नायदर... नॉर', 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'. इथे क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं.

'नायदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स वेअर इन्फॉर्म्ड.'
'नायदर द टीचर्स नॉर द प्रिन्सिपल वॉज इन्फॉर्म्ड.'

दोन्ही बरोबर. 'नायदर ही नॉर आय' असेल तर 'ॲम'. प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद पुढे उडी मारतं, तेव्हा जवळचं म्हणजे त्याच्यानंतर लगेच येणारं नाम: 'इज द मॅनेजर ऑर द क्लर्क्स रिस्पॉन्सिबल?' पण 'आर द क्लर्क्स ऑर द मॅनेजर रिस्पॉन्सिबल?'

सोबतीचे शब्द आले की लांबचा पहिला, 'ऑर-नॉर' आले की जवळचा. पेपर काढणारे या दोन टोळ्या आलटून पालटून टाकतात, कारण एकीचा नियम दुसरीला लावला की उत्तर हमखास चुकतं. 'बोथ... अँड' मात्र या भानगडीत नाही. ते कायम अनेकवचन.

'अँड' असूनही एकवचन येण्याच्या तीन जागा आहेत. पहिली, माणूस एकच पण पदं दोन. इथे आर्टिकल मोजायचं: 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज रिझाइन्ड' म्हणजे एकच माणूस, 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर हॅव रिझाइन्ड' म्हणजे दोन. दुसरी, दोन वस्तू मिळून एकच पदार्थ किंवा कल्पना: 'ब्रेड अँड बटर इज हिज युज्वल ब्रेकफास्ट', 'स्लो अँड स्टेडी विन्स द रेस'. तिसरी, आधी 'ईच' किंवा 'एव्हरी': 'एव्हरी मॅन अँड वुमन हॅज द राइट टु व्होट'. दुसऱ्या जागेला मात्र सवयीने ताणू नका. 'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन' या म्हणीचं रूढ रूप अनेकवचनी आहे, तिथे 'वेट्स' नको.

'वन ऑफ' आणि त्याची भावंडं

'ईच, एव्हरी, आयदर, नायदर, एव्हरीवन, समबडी, नोबडी, एनीथिंग' ही सगळी परीक्षेत एकवचनी धरायची. 'नायदर ऑफ द टू रोड्स इज सेफ'. बोलताना इंग्रज लोकही इथे 'आर' म्हणून जातात, पण पेपरात 'इज'च. 'ईच'ची जागा बदलली की गणित बदलतं: 'ईच ऑफ द स्टुडंट्स हॅज' पण 'द स्टुडंट्स ईच हॅव', कारण दुसऱ्या वाक्यात कर्ता 'स्टुडंट्स' आहे आणि 'ईच' मागून येऊन बसलंय.

'वन ऑफ द' आलं की दोन गोष्टी तपासायच्या. पुढचं नाम अनेकवचनी हवं आणि क्रियापद एकवचनी. 'वन ऑफ द बॉय इज' यात क्रियापद बरोबर असून नाम चुकलंय. घाईत नजर क्रियापदावरच राहते आणि 'चूक नाही' असं उत्तर जातं.

'मेनी अ स्टुडंट हॅज फेल्ड' आणि 'मोअर दॅन वन स्टुडंट वॉज ॲबसेंट' यांत अर्थ अनेकांचा असला तरी क्रियापद एकवचनी. पुढे लगेच येणारं एकवचनी नाम ते ठरवतं. 'नन ऑफ' बाबत पुस्तकांत मतभेद आहेत. 'नन ऑफ द वॉटर' असेल तर एकवचन नक्की. 'नन ऑफ द बॉइज' असेल तर दोन्ही रूपं मान्य धरली जातात, तेव्हा तेवढ्यावरून चूक ठरवू नका. खरी चूक बहुतेकदा वाक्यात दुसरीकडे असते.

संख्या, भाग, टक्के, रक्कम

'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' ही जोडी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात भेटते. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव अप्लाइड': इथे 'अ नंबर ऑफ' म्हणजे 'बरेच', तेव्हा कर्ता 'स्टुडंट्स'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज गॉन अप': इथे 'विद्यार्थ्यांची संख्या' वाढली, कर्ता संख्या. चा-ची-चे कसोटी दुसऱ्याला लागते, पहिल्याला नाही, कारण 'बरेच विद्यार्थी' यात 'चे' येतच नाही.

भाग आणि अंश दाखवणारे शब्द आले की ही कसोटी गुंडाळून ठेवायची. 'सम ऑफ, मोस्ट ऑफ, ऑल ऑफ, अ लॉट ऑफ, प्लेंटी ऑफ, हाफ ऑफ, टू-थर्ड्स ऑफ, सिक्स्टी पर्सेंट ऑफ' यांत उत्तर 'ऑफ'च्या पुढच्या नामावर ठरतं. 'मोस्ट ऑफ द मिल्क इज स्पॉइल्ट', 'मोस्ट ऑफ द मँगोज आर स्पॉइल्ट'. 'टू-थर्ड्स ऑफ द लँड इज' आणि 'टू-थर्ड्स ऑफ द फार्मर्स आर'. 'थर्ड्स'मधला 'एस' बघून अनेकवचन लावायचा मोह आवरा. 'पर्सेंट ऑफ' या गटातलं, पण 'द पर्सेंटेज ऑफ' मात्र 'द नंबर ऑफ'सारखं एकवचनी.

रक्कम, अंतर, वजन, वेळ हे एकगठ्ठा मोजले की एकवचन. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच फॉर धिस बॅग', 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक'. तीच गोष्ट सुटी सुटी मोजली की अनेकवचन: 'टेन इयर्स हॅव पास्ड सिन्स द ब्रिज वॉज बिल्ट', कारण इथे वर्षं एकेक करून सरली.

'हू, विच, दॅट': मागचं नाम कोणतं?

'हू', 'विच', 'दॅट' यांना स्वतःचं वचन नसतं, ते मागच्या नामाचं वचन उचलतात. म्हणून 'इट इज आय हू ॲम टु ब्लेम'. कानाला विचित्र लागतं, पण परीक्षेत हेच.

इथली अवघड जोडी अशी:

'ही इज वन ऑफ दोज स्टुडंट्स हू कम ऑन टाइम.'
'ही इज द ओन्ली वन ऑफ दोज स्टुडंट्स हू कम्स ऑन टाइम.'

इंग्रजीत नुसतं बघून डोकं फिरतं. मराठीत म्हणा. पहिलं: 'जे विद्यार्थी वेळेवर येतात त्यांपैकी तो एक आहे.' येणारे बरेच आहेत, म्हणून 'येतात', म्हणून 'कम'. दुसरं: 'त्या विद्यार्थ्यांपैकी तो एकटाच असा आहे जो वेळेवर येतो.' येणारा एकच, म्हणून 'येतो', म्हणून 'कम्स'. जो-तो आणि जे-ते आपल्या तोंडात इतके बसलेले आहेत की चूक व्हायला जागाच राहत नाही. आणि 'ही इज'मधला 'इज' या भांडणात ओढू नका. त्याचा कर्ता 'ही', तो ठीकच आहे.

कर्ता मागे गेला असेल तर

'देअर', 'हिअर' हे कधीच कर्ता नसतात. 'देअर आर टू रीझन्स फॉर धिस' यात कर्ता 'रीझन्स'. वाक्य जागा दाखवणाऱ्या तुकड्याने सुरू झालं तरी असंच: 'ऑन द वॉल हँग टू पोर्ट्रेट्स', 'अमंग द पेपर्स वॉज अ लेटर फ्रॉम द बँक'. वाक्य मनात सरळ करून वाचायचं: 'अ लेटर वॉज अमंग द पेपर्स'. 'नॉट ओन्ली', 'हार्डली', 'सेल्डम' वाक्याच्या सुरुवातीला आले तरी क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'सेल्डम डज शी कंप्लेन', 'सेल्डम डू दे कंप्लेन'.

कर्ता नाम नसून अख्खी कृती असेल तर एकवचन. 'कलेक्टिंग ओल्ड कॉइन्स इज हिज हॉबी' यात छंद गोळा करण्याचा आहे, नाण्यांचा नाही. आणि 'इज'च्या दोन्ही बाजूंना वेगळ्या वचनाची नामं असतील तर पहिलं धरा: 'द मेन प्रॉब्लेम इन धिस एरिया इज मॉस्किटोज'.

मराठीतून येणारी चुकीची वचनं

ही यादी पाठच करावी लागते, कारण इथे आपली भाषा उलटं शिकवते. आपण 'केस गळतात' म्हणतो, इंग्रजीत डोक्यावरचे केस 'हेअर इज'. आपली कात्री आणि विजार एक, त्यांचे 'सिझर्स आर' आणि 'ट्राउझर्स आर'. 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हटलं तर 'इज'. 'बातम्या' आपल्याकडे अनेकवचनी, 'न्यूज इज'. 'पोलीस' आपल्याकडे एकही असतो आणि दहाही, इंग्रजीत 'द पोलीस आर' कायम. 'कॅटल', 'पीपल' अनेकवचनी. 'मॅथेमॅटिक्स, फिजिक्स' या विषयांच्या नावांना शेवटी 'एस' असूनही एकवचन. 'इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस, इक्विपमेंट' यांना अनेकवचनच नाही. 'इन्फर्मेशन्स' दिसलं की चूक तिथेच. 'क्रायटेरिया' आणि 'फिनॉमिना' ही अनेकवचनं. एकवचन 'क्रायटेरियन' आणि 'फिनॉमिनन'. 'द पुअर', 'द रिच' म्हणजे गरीब लोक, श्रीमंत लोक: 'आर'.

आदरार्थी बहुवचनही इंग्रजीत नाही. 'साहेब आले आहेत' तरी 'द बॉस हॅज कम'. उलट 'तू एकटा होतास' तरी 'यू वेअर अलोन'.

'कमिटी, टीम, ज्युरी, गव्हर्नमेंट' हे समूह आपल्या परीक्षांत एक घटक म्हणून एकवचनी धरले जातात. सदस्यांत फूट पडल्याचं वाक्यात लिहिलं असेल तरच अनेकवचन: 'द ज्युरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स'. सर्वनामावर लक्ष ठेवा. 'द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट' यात 'हॅज' आणि 'देअर' (त्यांचा) भांडतायत, 'इट्स' हवं.

चूक वाटते, पण नसते

'इफ आय वेअर द मिनिस्टर', 'आय विश ही वेअर हिअर' बरोबर आहेत, कारण ती कल्पना आहे, वस्तुस्थिती नाही. 'सजेस्ट, रेकमेंड, डिमांड, इन्सिस्ट' अशा क्रियापदांनंतर करायला सांगितलेली गोष्ट आली तर मूळ रूप चालतं: 'द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट ही टेक रेस्ट'. 'टेक्स' करायला जाल तर बरोबर वाक्य बिघडवाल. 'ही नीड नॉट वरी' हेही बरोबर, कारण इथे 'नीड' हे 'कॅन-मस्ट'च्या जातीचं आहे. 'ही नीड्स टु वरी' मध्ये मात्र ते साधं क्रियापद, म्हणून 'एस'.

पर्याय निवडताना

वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात अधोरेखित भागाबाहेरचं काही बदलता येत नाही. म्हणून आधी बघा, कर्ता रेघेच्या आत आहे की बाहेर. बाहेर असेल तर तो दगडावरची रेघ समजा आणि पर्यायांतून त्याच्या वचनाशी न जुळणारे दोन एका नजरेत कापा. उरलेल्या दोघांत फरक सहसा काळाचा असतो: एक 'हॅज बीन', दुसरा 'वॉज'. तिथे वाक्यातले 'सिन्स', 'यस्टर्डे', 'लास्ट इयर' असे काळ दाखवणारे शब्द निर्णय देतात. मेळ बरोबर आणि काळ चूक असलेला पर्याय हा पेपर काढणाऱ्याचा लाडका.

सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो, दुसऱ्या टप्प्यातल्या इंग्रजीत तीन गुणांच्या प्रश्नामागे एक. दोन पर्याय खात्रीने कापले असतील तर उरलेल्यांतून एक निवडणं परवडतं. एकही कापता आला नसेल तर पुढे चला.

हात चालवा

आठ वाक्यं. आधी उत्तर ठरवा, मग खाली बघा.

1. 'नायदर द मिनिस्टर नॉर हिज सेक्रेटरीज वॉज प्रेझेंट.'
2. 'द मिनिस्टर, ॲज वेल ॲज हिज सेक्रेटरीज, वेअर प्रेझेंट.'
3. 'शी इज द ओन्ली वन ऑफ माय कझिन्स हू लिव्ह इन गोवा.'
4. 'द नंबर ऑफ ॲक्सिडेंट्स ऑन घाट रोड्स हॅव इन्क्रीज्ड.'
5. 'टू-थर्ड्स ऑफ द वर्क वेअर कंप्लीटेड बिफोर द मॉन्सून.'
6. 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी ड्रिंक मोअर वॉटर.'
7. 'बिहाइंड द टेंपल स्टँड्स थ्री ओल्ड बनियन ट्रीज.'
8. 'द रीझन्स फॉर विच ही वॉज सस्पेंडेड हॅज नॉट बीन मेड पब्लिक.'

पहिल्यात जवळचं नाम 'सेक्रेटरीज', म्हणून 'वेअर'. दुसऱ्यात सेक्रेटरी नुसते सोबती, म्हणून 'वॉज'. तिसऱ्यात गोव्यात राहणारी एकटी तीच, म्हणून 'लिव्ह्ज'. चौथ्यात अपघातांची संख्या, म्हणून 'हॅज'. पाचव्यात 'ऑफ'च्या पुढे 'वर्क', म्हणून 'वॉज'. सहाव्यात चूक नाही. सातव्यात कर्ता मागे आहे आणि झाडं तीन आहेत, म्हणून 'स्टँड'.

आठव्यात क्रियापदं दोन. 'वॉज'चा कर्ता 'ही', तो शेजारीच आहे आणि ठीक आहे. 'हॅज'चा कर्ता शोधताना बरेच जण याच 'ही'वर जाऊन थांबतात, कारण मागे वळल्यावर पहिला भेटणारा तोच. पण 'फॉर विच'पासून 'सस्पेंडेड'पर्यंतचा तुकडा काढून वाचा: काय जाहीर झालेलं नाही? 'द रीझन्स'. म्हणून 'हॅव नॉट बीन मेड पब्लिक'.